उंदरात अँटीबॉडी चालली नाही? या चुका आधी तपासा

अँटीबॉडी (ठरावीक लक्ष्याला चिकटणारं प्रथिन, इथे औषध म्हणून वापरलेलं) प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये लक्ष्याला घट्ट चिकटते, कर्करोगाच्या पेशी मारते, आणि उंदरात दिली की गाठ वाढतच राहते. किंवा याच्या उलट, उंदरातली गाठ दोन आठवड्यांत दिसेनाशी होते आणि माणसांत त्या औषधाचा काहीच उपयोग होत नाही. दोन्ही वेळा अँटीबॉडीबद्दल निष्कर्ष काढायची घाई होते. माझ्या मते गाठीचा आलेख उघडण्याआधी काही गोष्टी ठाऊक हव्यात. या प्राण्यात अँटीबॉडीला तिचं लक्ष्य सापडतं का? तिला ज्या पेशींची मदत लागते त्या तिथे आहेत का? आणि ती रक्तात खरंच टिकून आहे का? प्रीक्लिनिकल, म्हणजे माणसांवरच्या चाचणीआधीच्या, कामातल्या बहुतेक महागड्या चुका इथेच होतात.

लक्ष्य फक्त गाठीवर असलेला उंदीर

ट्रास्टुझुमॅब ही स्तनाच्या कर्करोगावरची अँटीबॉडी माणसाच्या हर२ या पेशीवरच्या प्रथिनाला ओळखते, उंदराच्या नाही. माणसाची स्तनाच्या कर्करोगाची पेशी उंदरात लावून ही अँटीबॉडी दिली तर साऱ्या शरीरात तिला बसायला एकच जागा मिळते, ती म्हणजे गाठ. परिणाम दिसायला ही सोय चांगली आहे. पण अशा प्रयोगाच्या अहवालात 'वजन घटलं नाही, औषध सुरक्षित आहे' असं वाक्य दिसलं की मला काळजी वाटते. त्या उंदराच्या हृदयाला औषध कधी भेटलेलंच नसतं. ट्रास्टुझुमॅबचा हृदयावरचा परिणाम रुग्णांवरच्या चाचणीत उघड झाला. अँथ्रासायक्लिन गटातल्या केमोथेरपीबरोबर ते दिलेल्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्क्यांना हृदयाचा त्रास झाला.

उपाय पहिल्या दिवसापासून करायचा. उंदीर, माकड आणि माणूस या तिघांच्या पेशींवर फ्लो सायटोमेट्रीने (पेशी एकेक करून प्रकाशाने तपासणारी पद्धत) बंधन मोजा आणि अफिनिटी, म्हणजे चिकटण्याचा घट्टपणा, शेजारी शेजारी मांडा. उंदराचं लक्ष्य ओळखलं जात नसेल तर उंदराच्या प्रथिनावर चालणारी पर्यायी अँटीबॉडी वापरा, नाहीतर माणसाचं जनुक बसवलेला उंदीर घ्या. जैविक औषधांसाठीची आयसीएच एस६ ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकाही हेच सांगते. ज्या प्राण्यात औषध काम करू शकत नाही, त्यातला विषारीपणाचा अभ्यास दिशाभूल करतो.

बंधन जुळलं, म्हणजे जीवशास्त्र जुळलं असं नाही

ही चूक सगळ्यात घातक. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन१४१२ ही अँटीबॉडी पहिल्यांदा माणसांना दिली गेली. एका प्रकारचा रक्ताचा कर्करोग आणि संधिवात यांच्यासाठी ती विकसित होत होती. आठ निरोगी स्वयंसेवकांपैकी सहा जणांना औषध मिळालं, दोघांना प्लासिबो (औषध नसलेला डोस). काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक डोस दिले गेले. पहिल्याला काय होतं हे दिसण्याआधीच सहावा डोस जाऊन चुकला होता. तासा-दीड तासात डोकेदुखी, थंडी वाजणं, रक्तदाब कोसळणं सुरू झालं आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. ते वाचले, पण अवयव निकामी होण्यापर्यंत मजल गेली होती.

डोस होता किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. माकडांनी किलोमागे ५० मिलिग्रॅम सहज पचवले होते, म्हणजे पाचशे पट सुरक्षिततेचं अंतर ठेवलं होतं. मग चुकलं कुठे? अँटीबॉडी प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवरच्या सीडी२८ या रिसेप्टरला चिकटून त्यांना थेट चेतवणारी होती. माकडाच्या सीडी२८ ला ती चिकटत होती, तिथवर कागद बरोबर होता. पण त्या माकडांच्या इफेक्टर मेमरी प्रकारच्या सीडी४ पेशींवर (टी पेशींचाच एक गट) सीडी२८ च नसतो, माणसाच्या त्याच पेशींवर तो असतो. सायटोकाइनचं (प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या संदेश-प्रथिनांचं) वादळ उठवणारी पेशीच माकडात गैरहजर होती. नंतरच्या हिशेबात असं निघालं की त्या 'लहान' डोसने स्वयंसेवकांच्या शरीरातले सुमारे ९० टक्के सीडी२८ रिसेप्टर व्यापले असते.

काचेतली चाचणीही फसवी होती. रक्तातल्या पेशींमध्ये अँटीबॉडी नुसती विरघळवून टाकली तर काही घडत नव्हतं. तीच प्लेटच्या तळाशी वाळवून बसवली आणि वर पेशी सोडल्या, तेव्हा सायटोकाइनचा लोट आला. पुढे असंही दिसलं की पेशी दोन दिवस दाट गर्दीत वाढवून घेतल्या तर त्या विरघळलेल्या अँटीबॉडीलाही प्रतिसाद देतात.

म्हणून प्रतिकारशक्ती चेतवणारी किंवा टी पेशींवरच्या सीडी३ ला आणि सोबत दुसऱ्या लक्ष्याला धरणारी दुहेरी अँटीबॉडी तुमच्या हातात असेल, तर सायटोकाइनची चाचणी एकाच पद्धतीने करून थांबू नका. विरघळलेली, तळाशी बसवलेली, लक्ष्य असलेल्या पेशींसोबत, अशा सगळ्या रूपांत करा, आणि रक्तदाते अनेक घ्या. पहिला मानवी डोस ठरवताना प्राण्याने किती सोसलं यापेक्षा किती कमी मात्रेत परिणाम सुरू होतो, हा आकडा धरा. युरोपच्या नियामकांनी २००७ मध्ये हीच विचारपद्धत मार्गदर्शिकेत आणली.

मदतनीस पेशीच नसलेला उंदीर

अनेक अँटीबॉडी स्वतः पेशी मारत नाहीत. त्यांचा एफसी भाग, म्हणजे वाय आकाराच्या अँटीबॉडीचं खोड, नॅचरल किलर पेशी आणि मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशींना बोलावतो आणि मारण्याचं काम त्या पेशी करतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पेशींवरचे, एफसीला धरून चेतना देणारे एफसी रिसेप्टर नसलेल्या उंदरांत ट्रास्टुझुमॅब आणि रितुक्सिमॅब या दोन्हींचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. तरीही अशी अँटीबॉडी सर्रास एनएसजी या प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या जातीच्या उंदरात तपासली जाते. या उंदरात टी, बी आणि नॅचरल किलर पेशी नसतात, मॅक्रोफेज अधू असतात आणि कॉम्प्लिमेंट या रक्तातल्या प्रथिनांची मारक साखळी तुटलेली असते. तिथे 'परिणाम नाही' असा निकाल आला तर तो अँटीबॉडीबद्दल फारच थोडं सांगतो. न्यूड उंदरात (टी पेशी नसलेली, केसहीन जात) निदान नॅचरल किलर पेशी शाबूत असतात. गाठ त्यात धरत असेल तर सुरुवात तिथून करावी.

एफसी सुधारलेल्या अँटीबॉडींत आणखी एक खाच आहे. फ्युकोज ही साखर काढलेली अँटीबॉडी, उदाहरणार्थ ओबिन्युटुझुमॅबच्या जातीची, माणसाच्या नॅचरल किलर पेशींवरच्या एफसी-गामा ३ए रिसेप्टरला जास्त घट्ट धरते. उंदरात त्या रिसेप्टरशी मिळताजुळता रिसेप्टर एफसी-गामा ४, आणि तो उंदराच्या नॅचरल किलर पेशींवर नसतो. सगळी मेहनत ज्या सुधारणेसाठी केली, ती साध्या उंदरात दिसणारच नाही. माणसाचे एफसी रिसेप्टर बसवलेले उंदीर यासाठीच आहेत.

कंट्रोलही इथेच चुकतो. नुसता आयसोटाइप कंट्रोल (त्याच प्रकारची, पण लक्ष्याला न ओळखणारी अँटीबॉडी) पुरत नाही. त्याच अँटीबॉडीचा एफसी निकामी केलेला प्रकार सोबत ठेवा, म्हणजे परिणाम लक्ष्य अडवल्याने आला की पेशी मारल्याने, हे वेगळं कळेल. टी पेशींना आवर घालणाऱ्या सीटीएलए-४ या लक्ष्याच्या बाबतीत हा फरक फार मोठा ठरला. उंदरात काही अँटीबॉडींचा परिणाम गाठीतल्या नियामक टी पेशी नष्ट होण्यावर अवलंबून होता, आणि तो एफसीच्या जातीनुसार बदलत होता.

पहिले डोस लागू पडले, मग गाठ पुन्हा उसळली

प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरात दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आलेख असा वळला, तर सगळ्यात आधी औषधाविरुद्धच्या अँटीबॉडीचा संशय घ्या. माणसाचं प्रथिन उंदराला परकंच आहे. प्रत्येक डोसच्या आधी शेपटीतून थोडं रक्त घेऊन ठेवलं असेल तर एलायझा या प्रथिन मोजणाऱ्या चाचणीत उत्तर मिळतं, औषधाची पातळी ढासळलेली दिसते. रक्त घेतलंच नसेल तर 'गाठीने प्रतिकार विकसित केला' असं लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही.

एनएसजी उंदरात पातळी वेगळ्याच कारणाने पडते. त्याच्या रक्तात स्वतःचं आयजीजी (रक्तातल्या अँटीबॉडींचा मुख्य प्रकार) जवळजवळ नसतं. त्यामुळे प्लीहा आणि हाडांच्या मज्जेतल्या पेशींचे एफसी रिसेप्टर रिकामे राहतात आणि थोड्या मात्रेत दिलेली अँटीबॉडी तेच गिळतात. आधी साधं आयजीजी देऊन त्या जागा भरल्या की फरक दिसतो. साध्या उंदरावरून माणसातला अर्धायुकाल काढणंही चूक. उंदराचा एफसीआरएन, म्हणजे अँटीबॉडीला रक्तात टिकवून धरणारा रिसेप्टर, माणसाच्या आयजीजीला प्रमाणापेक्षा जास्त घट्ट धरतो. औषध जोडलेल्या अँटीबॉडीत मात्र उंदीर उलट फसवतो. त्याच्या रक्तातलं कार्बोक्सिलएस्टरेज १सी हे एन्झाइम औषधाला अँटीबॉडीशी बांधणारी व्हॅलिन-सिट्रुलिन जोडणी तोडतं, आणि माणसात टिकणारी जोडणी इथे कच्ची वाटते.

बाटली, पेशी आणि कॅलिपर

नव्या बॅचचा निकाल जुन्याशी जुळत नसेल तर आधी बाटली तपासा. एंडोटॉक्सिन हे जिवाणूंचं विष स्वतःच प्रतिकारशक्ती चेतवतं, आणि वारंवार गोठवून-वितळवून तयार झालेले गुठळे एफसी रिसेप्टरना खोटा संदेश देतात. सेल लाइनची (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींची) एसटीआर, म्हणजे डीएनएवरून ओळख पटवणारी, तपासणी आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूच्या संसर्गाची चाचणी प्रयोगाआधी झालेली असावी. एमडीए-एमबी-४३५ ही लाइन कित्येक वर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली. ती मेलॅनोमाची, म्हणजे त्वचेच्या एका कर्करोगाची, निघाली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या भांडारातून घेतलेली लाइनसुद्धा आपल्या प्रयोगशाळेत अनेक पिढ्या वाढली की पुन्हा तपासावी लागते.

आणि मोजमाप. गाठीचं आकारमान लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन. १० बाय ८ मिलिमीटरची गाठ ३२० घन मिलिमीटर होते. रुंदी ९ वाचली तर ४०५. एका मिलिमीटरने २६ टक्क्यांहून जास्त फरक पडतो, आणि कॅलिपर (गाठ मोजायचं चिमट्यासारखं साधन) किती दाबला यावर तो मिलिमीटर सहज सरकतो. म्हणून मोजणारा माणूस शेवटपर्यंत एकच असावा आणि कुठला उंदीर कुठल्या गटात आहे हे त्याला ठाऊक नसावं. गट पाडायचे ते गाठी मोजण्याजोग्या झाल्यावर. पेशी टोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी औषध सुरू केलं तर आपण गाठीवर उपचार करत नाही, ती रुजू नये एवढंच पाहतो. उंदरांची संख्या आणि प्रयोग कुठे थांबवायचा ती मर्यादा संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीच्या अर्जात आधीच लिहिलेली असते. ती गंभीरपणे पाळा. चुकीच्या आखणीत वापरलेला प्रत्येक प्राणी विनाकारण गेलेला असतो.

प्रयोग फसला तरी वाढलेल्या गाठी टाकून देऊ नका. अर्धी गाठ फॉर्मॅलिनमध्ये ठेवा, अर्धी गोठवा. काप घेऊन माणसाचं आयजीजी, म्हणजे दिलेली अँटीबॉडी, आणि लक्ष्य दोन्ही रंगवा. अँटीबॉडी फक्त रक्तवाहिन्यांभोवती अडकलेली दिसली तर डोस वाढवून पाहा किंवा अफिनिटी थोडी कमी केलेला प्रकार घ्या, कारण फार घट्ट धरणारी अँटीबॉडी पहिल्या भेटलेल्या पेशींवरच संपते. ती सगळीकडे पोचली आहे पण लक्ष्यच नाहीसं झालं आहे, तर पेशींनी ते गमावलं आहे आणि दुसरं लक्ष्य जोडायचा विचार करावा लागेल. आणि अँटीबॉडी आहे, लक्ष्य आहे, पण आसपास एकही मॅक्रोफेज किंवा नॅचरल किलर पेशी नाही, तर पुढचा प्रयोग त्याच अँटीबॉडीचा, दुसऱ्या जातीच्या उंदरात करा.