टायटॅनियमला पोलादाच्या सवयी लावू नका : या चुका टाळा

उद्यमनगरात बीड (ओतीव लोखंड) आणि पोलादावर हात बसलेल्या माणसाच्या हातात शुद्ध टायटॅनियमचा बार दिला, की तो आधी तोलून बघतो. पोलादाच्या निम्म्याहून जरा जास्त वजन. मग हमखास विचारतो, "मऊ लागतोय की! तापवून पाणी देऊया काय?"

नको. पाणी देऊन पोलाद कडक होतं ते त्यातल्या कार्बनमुळे. शुद्ध टायटॅनियममध्ये तो खेळच नाही. ग्रेड 1 ते 4 मधला फरक मुख्यतः ऑक्सिजनचा: ग्रेड 1 मध्ये जास्तीत जास्त 0.18 टक्के, ग्रेड 4 मध्ये 0.40. तेवढ्यावर किमान टेन्साइल, म्हणजे ओढून तुटेपर्यंतची ताकद, 240 वरून 550 मेगापास्कलवर जातं. ग्रेड एकदा ठरला, की पुढे ताकद वाढवायची ती थंड अवस्थेत ओढून, लाटून किंवा ठोकून. स्फटिकाच्या आतल्या घसरणीच्या वाटा त्यामुळे एकमेकींत अडकतात आणि धातू हट्टी होतो.

आमची पहिली चूक हिशेबाची होती. 10 मिलिमीटरचा बार डायमधून, म्हणजे साच्याच्या अरुंद भोकातून, ओढून 8 चा केला आणि कार्डावर लिहिलं, '20 टक्के'. पण मोजायचं असतं क्षेत्रफळ, व्यास नव्हे. ते व्यासाच्या वर्गानं बदलतं: 100 चे 64 झाले, म्हणजे 36 टक्के घट. पुढच्या पासात, म्हणजे पुढच्या ओढीत, 7 वर आणला तेव्हा एकूण घट 51 टक्के झाली होती, आणि आम्ही समजत होतो 30. बार उभा चिरला. तेव्हापासून प्रत्येक पासानंतर एक तुकडा टेन्साइल चाचणीला जातो आणि अहवालात मी इलाँगेशन, म्हणजे तुटण्याआधी तो किती टक्के लांबला, ते आधी बघतो. ताकद वाढते तसं ते घटतंच. किती घटलेलं चालेल, हे काम घेतानाच गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यावं. पत्रा असेल तर तुकडे लाटण्याच्या दिशेनं आणि आडवे, दोन्ही काढा. टायटॅनियमचा स्फटिक षट्कोनी असल्यामुळे दोन्हीकडचे आकडे सारखे येत नाहीत.

डायला चिकटणं हा दुसरा ताप. टायटॅनियम हत्याराला धरतं, पृष्ठभाग ओरबाडला जातो आणि चीर तिथूनच सुरू होते. साधं तेल पुरत नाही. मोलिब्डेनम डायसल्फाइडसारखं घन वंगण लावा, वेग कमी ठेवा.

सगळ्यात महागात पडते ती गॅसची बत्ती. वाकवताना जोर लागतोय म्हणून कोणीतरी ज्योत मारतो. जास्त तापलं तर थंड कामानं कमावलेली ताकद तेवढ्या जागेपुरती जाते, आणि सुमारे 600 अंशांच्या वर धातू हवेतला ऑक्सिजन आत ओढू लागतो. वर कडक, ठिसूळ कातडी बसते. तिला अल्फा केस म्हणतात. नुसत्या डोळ्यांनी ती नीट कळत नाही, म्हणून जॉब तपासणीतून सुटतो आणि वापरात तडकतो. दोन पासांच्या मध्ये मऊ करायचंच असेल तर 700 अंशांच्या आसपास, तेही निर्वात किंवा आर्गॉनच्या भट्टीत. थंड काम केलेल्या भागाला वेल्ड मारलात तरी हेच: वेल्डच्या कडेचा पट्टा पुन्हा मऊ होतो. ड्रॉइंगवर लिहिलेली ताकद तिथे शोधू नका.

'कडक झालं म्हणजे कमी लवेल' हा गैरसमज तर डिझाइनवाल्यांचाही असतो. लवण्याला धातू किती विरोध करतो ते सांगणारा मॉड्युलस साधारण 105 गिगापास्कल, पोलादाच्या निम्मं, आणि ओढून-ठोकून त्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. उलट यील्ड (कायमचं वाकायला लागणारा ताण) वाढल्यामुळे स्प्रिंगबॅक, म्हणजे वाकवून सोडल्यावर मागे उसळणं, जास्त येतो. अ‍ॅनील केलेल्या, म्हणजे भट्टीत तापवून मऊ केलेल्या, ग्रेड 2 च्या पत्र्याला बेंडची आतली त्रिज्या जाडीच्या दुप्पट ते अडीचपट धरतात. लाटून कडक केलेल्याला त्याहून मोठी द्या, आणि बेंडचा कोन आधी टाकाऊ तुकड्यावर काढा.

खूप बारीक कणांचं टायटॅनियम करून ग्रेड 4 ला 1200 मेगापास्कलच्या वर नेतात, दातांच्या इम्प्लांटसाठी. पण त्यात बार काटकोनी वळणाच्या डायमधून पुन्हा पुन्हा ढकलतात, तोही तापवून. बार ओढायच्या साध्या ड्रॉ बेंचवर तो आकडा कबूल करू नका.

आणि अल्फा केस घासून काढायला बसलात, तर ग्राइंडरखाली साठणारी भुकटी रोज झाडून काढा. ती पेटते. पेटली तर पाणी मारू नका, आग भडकते. शेजारी कोरड्या वाळूची बादली हवी, आणि वाळू खरंच कोरडी आहे ना, हे पावसाळ्यात हात घालून बघा.