केळीच्या बागेत शिकलेलं युबिक्विटस कम्प्युटिंग

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी मी रावेरजवळच्या आमच्या केळीच्या बागेसाठी मातीचा ओलावा मोजणारं यंत्र केलं. मोबाईल अ‍ॅप, त्यात रंगीत आलेख, सगळं होतं. आप्पांनी दोन दिवस ते पाहिलं, नंतर उघडलंच नाही. मनाला फार लागलं. मग एकदा शेतीची लाईट रात्री आली तेव्हा त्यांच्यासोबत मोटर चालू करायला गेलो. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, पाय चिखलात. मोबाईल काढणार कोण? नजर जाते ती फक्त स्टार्टरच्या पेटीवर.

म्हणून पेटीवरच एलईडी बसवला. लाल म्हणजे माती कोरडी, हिरवा म्हणजे आज पाणी नको. बागेतला बोर्ड, म्हणजे एक छोटा संगणकच, ओलावा मोजतो आणि पेटीतल्या बोर्डाला वायरलेसने कळवतो. झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातले मार्क वायझर १९९१ च्या लेखात हेच सांगत होते: संगणक रोजच्या वावरण्यात इतका मिसळावा की तो आहे हे जाणवूच नये. यालाच युबिक्विटस कम्प्युटिंग म्हणतात. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं, पण समजलं त्या पेटीपाशी.

त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यांनो, पहिले काही दिवस कोडला हात लावू नका. ज्याच्यासाठी करताय त्याच्यामागे फिरा.

बोर्ड ईएसपी३२ घ्या, स्वस्त आहे. पण वायफाय चालू असताना त्याच्या एडीसी-२ च्या (सेन्सरचा व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिनांवर ओलावा वाचता येत नाही. सेन्सर ३२ ते ३५ या पिनांपैकी एकीला जोडा. एवढ्यापायी माझ्या चार रात्री गेल्या. दोन उघड्या दांड्यांचा सेन्सर मातीत गंजतो, धातू उघडा नसलेला कपॅसिटिव्हच घ्या.

खरी परीक्षा आपल्या काळ्या मातीची. एप्रिलच्या उन्हात ती आकसली, सेन्सरपाशी करंगळी जाईल एवढी भेग पडली. सेन्सर हवा मोजत राहिला, दिवा लालच, आणि आप्पांनी तीन दिवस जास्तीचं पाणी दिलं. आता सेन्सर ठिबकच्या तोटीजवळ वीतभर खोल पुरतो, तीच माती कालवून भोवती दाबतो. दोन ठिकाणी दोन सेन्सर आहेत. दोघांचं जुळलं नाही की दिवा पिवळा होतो.

पिवळा दिसला की आप्पा बागेत जातात, वाकतात आणि मूठभर माती दाबून बघतात.