लंडनची गॅलरी: फुकट काय, तिकीट कशाचं

लंडनला नवीन आलेली मंडळी मला हमखास विचारतात, "नॅशनल गॅलरीचं तिकीट कितीला पडतं?" काहीच नाही! ट्रफाल्गर स्क्वेअरची नॅशनल गॅलरी, टेट ब्रिटन, टेट मॉडर्न, सगळीकडे कायमचा संग्रह मोफत. व्हॅन गॉगची 'सूर्यफुलं' बघायला एक पेनी लागत नाही.

फुकट आहे म्हणून एका दिवसात सगळं उरकायच्या भानगडीत मात्र पडू नका. नॅशनल गॅलरीत 2,300 च्या वर चित्रं आहेत, तिसऱ्या दालनातच पाय बोलायला लागतात. दोन दालनं बघा, बाकावर बसा, घरी जा. पुन्हा यायला पैसे कुठे पडताहेत? शुक्रवारी रात्री नऊपर्यंत उघडी असते, तेव्हा ऑफिस सुटल्यावर सरळ तिकडे वळायचं.

तिकीट लागतं ते खास प्रदर्शनांना. ती काही महिन्यांपुरती असतात, आणि नावाजलेल्या चित्रकाराचं असलं की शनिवार-रविवारची तिकिटं आधीच संपतात. तिकिटावर वेळ छापलेली असते, आणि तिथेच मी पहिल्या वर्षी फसले. "11:00 ते 11:30" वाचून मला वाटलं, अर्ध्या तासात बघून बाहेर पडायचं. नवऱ्याला अक्षरशः ओढत शेवटच्या दालनापर्यंत नेलं. ती वेळ फक्त आत शिरायची असते हो! एकदा आत गेलात की बंद होईपर्यंत रेंगाळा. बाहेर पडलात तर मात्र त्याच तिकिटावर बहुतेक ठिकाणी पुन्हा आत घेत नाहीत.

बुकिंग करताना बऱ्याचदा दोन दर दिसतात, देणगीसह आणि देणगीशिवाय. देणगीसहचा आधीच निवडलेला असू शकतो. देणगी ऐच्छिक आहे, नको असेल तर बिनधास्त दुसरा दर निवडा, कोणी वाकड्या नजरेने बघत नाही. 'गिफ्ट एड' म्हणजे तुमच्या देणगीवर सरकारकडून संस्थेला जादा रक्कम मिळवून देणारी योजना, तिची खूण करण्याआधी मात्र थांबा. तुम्ही इथे पुरेसा इन्कम टॅक्स भरत असाल तर तुमच्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून 25 पेन्स जादा मिळतात, तुम्हाला भुर्दंड नाही. पण नुकतेच आलेले विद्यार्थी असाल, टॅक्स भरत नसाल, तर खूण करू नका. फरकाची रक्कम तुमच्याकडून मागता येते.

16 ते 25 वयाच्या मुलांनी 'टेट कलेक्टिव्ह'मध्ये नाव घालून ठेवावं. नोंदणी फुकट, आणि टेटची प्रदर्शनं 5 पौंडांत.

सगळीच ठिकाणं फुकट नाहीत हेही लक्षात असू द्या. सॉमरसेट हाउसमधल्या कोर्टोल्ड गॅलरीत कायमच्या संग्रहालाही तिकीट आहे. माझं मत विचाराल तर ते काढाच. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या 1882 च्या चित्रातली ती बारमागची मुलगी समोरासमोर बघायची गोष्ट आहे. आणि हो, विमानतळावरून थेट सुटकेस घेऊन कुठेही जाऊ नका, दारातूनच परत पाठवतील.