लोणारच्या काठावरचे थर कसे वाचावेत

बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर उल्काघातानेच झाले, याचा हाताने मोजता येईल असा पुरावा काठावर आहे. बहुतेक जण मात्र तळ्याचे फोटो काढून परततात. निम्मा दिवस तरी काठासाठी ठेवा. जानेवारी ते मार्च हा काळ चांगला, कारण पावसाळ्यात थर हिरवळीखाली झाकले जातात.

सोबत 10 पट मोठे दाखवणारे भिंग, पीएच कागद, पाण्याची बाटली आणि घरी तयार केलेला कलमापक घ्या. तो असा करायचा: जाड पुठ्ठ्याच्या वहीवर कंपासपेटीतला कोनमापक चिकटवा, सरळ बाजू वर आणि वहीच्या खालच्या कडेला समांतर, कमान खाली. मध्यबिंदूतून दोरा ओवून टोकाला लहान नट बांधा. वही सपाट टेबलावर उभी धरल्यावर दोरा 90 वर आला पाहिजे. हातोडा घरीच राहू द्या. हे अभयारण्य आहे, इथला एक खडाही उचलायचा नाही.

आधी न हललेला खडक पाहा. विवरातून उडालेला मालमसाला काठापासून सुमारे सव्वा किलोमीटरपर्यंत पसरला आहे. म्हणून गावापासून चार-पाच किलोमीटरवरची एखादी मोठी विहीर किंवा रस्त्याचा कट निवडा. दख्खनच्या लाव्ह्याचे थर, वय सुमारे 6.6 कोटी वर्षे, तिथे जवळजवळ आडवे दिसतील. एका प्रवाहात खाली घट्ट काळा पाषाण, वर बुडबुड्यांच्या भोकांचा मांजऱ्या आणि पुष्कळदा त्यावर तांबड्या मातीचा पट्टा असतो. भोकांत पांढरे स्फटिक भरलेले असतात. हा क्रम डोळ्यांत नीट बसवून घ्या. तो पाठ नसेल तर काठावर काय बिघडले आहे ते कळत नाही.

मग काठावर कल मोजा. काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सुमारे 20 ते 30 मीटर उंच आहे, कारण आघाताने थर खालून उचलून बाहेरच्या बाजूला कलंडवले. दोन प्रवाहांमधली सीमा किंवा तांबडा पट्टा शोधा. त्या पृष्ठभागावर चमचाभर पाणी ओता. ओघळ ज्या दिशेने जाईल ती कलाची दिशा. वहीची कड ओघळावर उभी ठेवा, दोरा स्थिर होऊ द्या. आकडा 90 पासून जितका दूर, तितके अंश कल. बऱ्याच ठिकाणी 15 ते 25 अंशांच्या आसपास येतो आणि दिशा तळ्यापासून दूर असते. काही जागी थर उभे झालेत, क्वचित उलटेही झालेत.

चूक सर्वांत जास्त इथेच होते. बेसॉल्ट, म्हणजे हाच लाव्ह्याचा काळा खडक, थंड होताना पडलेल्या भेगा थराला साधारण काटकोनात असतात. त्यांची सपाट बाजू थर समजून मोजली की 70-80 अंश असा भलताच आकडा येतो. भोकांची रांग किंवा रंगाचा पट्टा सोबत दिसत नसेल, तर ते माप धरू नका. दुसरी अडचण घसरलेल्या शिळांची. आतल्या उतारावरचे मोठे खडक मूळ जागा सोडून खाली आलेले असतात. दहा-पंधरा पावलांच्या अंतराने तीन मापे घ्या, तिन्हींची दिशा जुळली तरच लिहून ठेवा. होकायंत्र खडकावर टेकवू नका. बेसॉल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे सुई भरकटते, मोबाइलचेही तेच होते.

बाहेरच्या उतारावर उडालेला माल ओळखा. बारीक भुकटीत मुठीएवढे आणि माणसाएवढे कोनदार दगड एकत्र कोंबलेले दिसले, थर-क्रम काहीच नसला, तर तो उडालेला माल. ओढ्याचे गोटे घासून गुळगुळीत झालेले असतात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सोलत जाणारे गोल दगड निव्वळ हवामानाने झिजलेला बेसॉल्ट आहे. त्यांना ‘वितळून उडालेले गोळे’ म्हणून दाखवले जाते, ते चूक आहे.

खऱ्या आघात-काचेत, म्हणजे आघाताने वितळून झालेल्या काचेत, भिंगाखाली स्फटिक जवळजवळ दिसत नाहीत, वाहत्या पाकासारख्या रेषा दिसतात. चुंबक लावून उल्का ओळखायला जाऊ नका, इथला साधा दगडही चुंबकाला प्रतिसाद देतो. उल्का बहुतांश वितळून आणि वाफ होऊन गेली. कुणी तिचा तुकडा विकत असेल तर घेऊ नका. आघाताचा निर्णायक पुरावा, म्हणजे मॅस्केलिनाइट (धक्क्याने काच झालेले फेल्डस्पार, बेसॉल्टमधले एक नेहमीचे खनिज), 1973 साली तळ्याच्या गाळाखालून काढलेल्या खडकांवरून प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकाखाली खडकाच्या पातळ चकतीतच ते कळते: एकमेकांना आडव्या धरलेल्या दोन ध्रुवकांमधून (प्रकाशाचे एकाच दिशेचे कंपन पुढे सोडणाऱ्या काचांमधून) साधा फेल्डस्पार पट्टेदार चमकतो, हे काळे राहते.

वयाचे दोन आकडे कानावर येतील. थर्मोल्युमिनेसन्सने (तापवल्यावर खनिजातून निघणारा उजेड मोजून) सुमारे 52 हजार वर्षे निघाली, तर 2011 मध्ये आघात-काचेतल्या आर्गॉन वायूच्या मापनाने सुमारे 5 लाख 70 हजार. मापनाच्या पद्धतीसकट दोन्ही आकडे टिपून ठेवा.

शेवटी खाली उतरा. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे आणि मधोमध डोंगर नाही. एवढ्या लहान विवरात तळ उसळून शिखर होत नाही, त्यासाठी खूप मोठा आघात लागतो. ईशान्येला ‘धार’ या झऱ्याच्या ओढ्याने काठ कापला आहे, म्हणून तिथे कल मोजू नका.

पीएच कागद मात्र धारेच्या पाण्यात आधी बुडवा, मग तळ्यात. तळ्याचा आकडा 10 च्या आसपास येतो, म्हणजे पाणी खूप अल्कधर्मी, कारण पाण्याला बाहेर वाट नाही, ते आटते आणि सोडियमचे क्षार मागे साठतात. झरा उतरतो त्या कडेला कागद बुडवला तर आकडा कमी येईल, तिथून बरेच अंतर सोडा.