बास्केटबॉल कोच व्हायचंय? मग हे आधी वाचा

बऱ्याच पोरापोरींचा एकच प्रश्न असतो, ताई खेळून झालं, आता कोचिंगमध्ये यायचंय, काय करू. मी शाळा, कॉलेज, युनिव्हर्सिटी, नंतर स्टेट असं खेळले आणि आता दादर-माटुंगा बाजूला शाळेतल्या मुलांना शिकवते, त्यामुळे जे सांगतेय ते मुंबईपुरतं धरा.

पहिली गोष्ट म्हणजे खेळाडू म्हणून तुम्ही किती भारी होतात ते कोचिंगमध्ये पहिले पंधरा दिवसच चालतं. पोरं तुमचा शॉट बघून वॉव म्हणतात आणि मग विचारतात, पण असं करायचं कसं? आणि तिथे आपली बोलती बंद होते, कारण आपलं अंग ते करतं, डोक्याला कधी विचारावंच लागलेलं नसतं.

ले-अपचंच घ्या, म्हणजे पळत रिंगजवळ येऊन, उडी मारून बॉल टाकणं. उजव्या हाताचा ले-अप म्हणजे उजवा पाय, डावा पाय, डाव्यावरून उडी, उजवा गुडघा वर, बॉल बोर्डवरच्या चौकोनावर. वाचायला सोप्पं आहे ना? पण दहा वर्षांच्या पोराला लांबून ड्रिबल करत, म्हणजे बॉल आपटत आणलंत की तो हमखास उलट्या पायावर उडतो नाहीतर तीन पावलं टाकून ट्रॅव्हल करतो, म्हणजे बॉल हातात घेऊन जास्त पावलं टाकायची चूक. म्हणून मी शेवटापासून सुरुवात करते, म्हणजे रिंगखाली उभं करायचं, बॉल न देता, फक्त डावा पाय टाक आणि उजवा गुडघा वर घे. ते बसलं की बॉल हातात. मग एक पाऊल मागे, मग दोन पावलं, आणि ड्रिबल अगदी शेवटी. बघणाऱ्या आईबाबांना वाटतं की हे काय, अजून बॉलच दिला नाही. त्यांना वाटू दे.

दुसरं म्हणजे रिंग आणि बॉल. मोठ्यांची रिंग 3.05 मीटरवर असते, मिनी बास्केटबॉलची 2.60 वर आणि लहान पोरांना 5 नंबरचा बॉल द्यायचा असतो. आपल्याकडे शाळेत रिंग एकच, तीसुद्धा सिमेंटच्या खांबावर पक्की. मग पोरं कमरेपासून जोर लावून दोन्ही हातांनी बॉल भिरकावतात आणि ती सवय थेट कॉलेजपर्यंत सुटत नाही. मुलींचं तर विचारूच नका, त्यांचा बॉल 6 नंबरचा पण हातात येतात मुलांनी वापरून गुळगुळीत झालेले 7 नंबरचे. रिंग खाली घेता येत नसेल तर भिंतीवर खडूने चौकोन काढा आणि त्यावर शूट करायला लावा, जवळून, एका हाताने. बॉलसाठी मात्र शाळेशी भांडा, ते भांडण वर्थ आहे.

आता कागदपत्रं, कंटाळवाणं आहे पण पोटापाण्याचं आहे. पटियालाच्या एनआयएसमध्ये (राष्ट्रीय क्रीडा संस्था), जी 1961 पासून आहे, कोचिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा होतो आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो. ॲडमिशनला तुम्ही कुठल्या लेव्हलला खेळलात ते बघतात, त्यामुळे स्टेट-नॅशनलची सर्टिफिकेटं आत्ताच लॅमिनेट न करता फाईलला लावा आणि स्कॅन करून ठेवा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे पण त्यासाठी सर्टिफिकेटची पडताळणी लागते आणि कुठली स्पर्धा कुठल्या पदाला चालते ते जीआरमध्ये (शासन निर्णयात) दिलेलं असतं, मित्राने सांगितलं म्हणून त्यावर विसंबू नका, जीआर स्वतः वाचा. शाळेत कायमची नोकरी हवी असेल तर बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) करा. नुसता कोच म्हणून घेतलेला माणूस बहुतेक वेळा कॉन्ट्रॅक्टवर असतो आणि मे महिन्यात शाळा पगार देत नाही.

नागपाड्याला जाऊन मस्तान तलावचं ग्राउंड एकदा बघून या, खरंच. बास्केटबॉलपटू अब्बास मुंतसिर तिथलेच, ज्यांना 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. संध्याकाळी तिथे लहान पोरं मोठ्यांच्या कडेकडेने खेळत असतात, त्यांना कोणी ड्रिल समजावत बसत नाही, बघून बघून शिकतात आणि मोठा पोरगा एकच शब्द ओरडतो, की लगेच सगळे बॉक्स आऊट करतात, म्हणजे समोरच्याला पाठीमागे अडवून बॉलची जागा धरतात. कोचने किती कमी बोलावं हे मला तिथे कळलं.

त्याचा उपयोग टाइम-आऊटला होतो. टाइम-आऊट 60 सेकंदांचा. पोरं चालत येणार, बाटली शोधणार, रेफ्रीच्या नावाने खडे फोडणार, त्यात निम्मा वेळ गेला. उरलेल्यात तुम्ही चार प्लेज (चाली) काढून दाखवलेत तर कोणाच्या डोक्यात एकही राहत नाही. एकच गोष्ट सांगा, समोरच्यांच्या सात नंबरच्या जर्सीवाल्याला डावीकडेच जायला लावा, बस. आणि नियम ताजे ठेवा, आम्ही शिकलो तेव्हा थ्री-पॉइंट लाइन 6.25 मीटरवर होती, 2010 पासून 6.75 झाली, आता आक्रमणवाल्यांनी रिबाउंड (रिंगला लागून परत आलेला बॉल) पकडला की शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणाऱ्या सेकंदांचं घड्याळ, 24 नाही तर 14 वर येतो. जमलं तर रेफ्रीची परीक्षा देऊन टाका, शिट्टी हातात घेतल्यावर आपल्याच पोरांचे फाउल दिसायला लागतात.

2019 ला वरळीच्या डोममध्ये एनबीएच्या मॅचेस झाल्या, किंग्ज आणि पेसर्स, त्यानंतर तर प्रत्येकाला हाफ कोर्टवरून एनबीएच्या स्टीफन करीसारखं मारायचं असतं. मी त्यांना थांबवत नाही, शेवटची पाच मिनिटं तेच ठेवते, म्हणजे आधीचा तासभर निमूटपणे पिव्हॉट (एक पाय रोवून वळणं) करतात.

पावसाळा मात्र मुंबईच्या कोचची खरी परीक्षा. डीएसओच्या (जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या) अंडर 14, 17, 19 च्या मॅचेस नेमक्या शाळा सुरू झाल्यावर लागतात आणि सिमेंटचं कोर्ट शेवाळलेलं. ओल्या कोर्टवर पळवू नका, कितीही मॅच जवळ असली तरी, एक गुडघा गेला की पोराचं वर्ष गेलं. कॉरिडॉरमध्ये जागच्या जागी ड्रिबल, जिन्यावर पायांचा व्यायाम, वर्गात फळ्यावर झोन डिफेन्स (प्रत्येकाने आपापली जागा सांभाळायची), एवढ्यावर दीड महिना निघतो. फॉर्म आणि जन्मदाखले पण त्याच दिवसांत गोळा करा, ऐन वेळी एका पोराचा दाखला नसतो आणि तो नेमका तुमचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळ चालवणारा असतो.

आणि कमाईचा सीझन म्हणजे एप्रिल-मेचे कॅम्प. ते घ्यायचे असतील तर ग्राउंडचं फेब्रुवारीतच बोलून ठेवा, नंतर सगळीकडे क्रिकेटवाल्यांनी जागा धरलेली असते.