शॅम्वा पाहायला ग्रान पारादीझोला जाण्याआधी

इटलीच्या ग्रान पारादीझो राष्ट्रीय उद्यानात शॅम्वा, म्हणजे उंच डोंगरांतला शेळीच्या कुळातला रानटी प्राणी, पाहायला जाणार असाल, तर आधी दुर्बीण पिशवीत भरावी आणि मगच बाकीच्या सामानाचा विचार करावा. बूट, पाणी, पावसाळी जाकीट हे सह्याद्रीत हिंडलेल्यांना सांगायला नकोच. फक्त ऐन उन्हाळ्यातही तिथली पहाट गारठवणारी असते, म्हणून कानटोपी घ्यावी.

दुर्बिणीचा आग्रह एवढ्यासाठी की त्याच उतारांवर आयबेक्स हे रानबोकडही चरतात आणि आयबेक्सची आखूड शिंगांची मादी लांबून सहज शॅम्वा वाटते. शॅम्वाच्या नरामादीची बारीक शिंगे सरळ वर जाऊन टोकाशी मागे आकड्यासारखी वळतात आणि फिकट चेहऱ्यावर डोळ्यापासून नाकापर्यंत काळा पट्टा असतो. या खुणा समोरच्या कड्यावर नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मोबाइलचा झूम दुर्बिणीचे काम करत नाही. मागच्या खेपेच्या छायाचित्रांतले तपकिरी ठिपके कोणाचे, हे अजून ठरलेले नाही. ८ बाय ४२ ची, म्हणजे आठ पट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण पुरते, कारण त्याहून जास्त शक्तीची हातात थरथरते. डोळ्यांना ती घरीच जुळवून घ्यावी आणि गळ्यात अडकवावी. पिशवीच्या तळाशी ठेवलेली दुर्बीण घरी राहिल्यातच जमा आहे.

पिल्ले मे-जूनमध्ये जन्मतात. वसंतात कळप कोवळ्या गवतासाठी खाली येतात, तर भर उन्हाळ्यात झाडांच्या रेषेच्या वर जातात आणि मग चढणे आलेच. नोव्हेंबरात माजावर आलेले, काळपट दाट केसांचे नर एकमेकांचा पाठलाग करतात. ते दृश्य मोठे असले तरी बर्फाची सवय नसलेल्याने त्याच्या मोहात पडू नये.

पहिली रात्र कोन्ये गावात काढावी. तिथून वालनोंतेमार्गे वित्तोरिओ सेल्ला निवाऱ्यापर्यंतची वाट २५०० मीटरच्या वर नेते. निवाऱ्यातली जागा आधीच राखून ठेवावी. पायवाट सोडू नये. शॅम्वाने नाकातून काढलेली तीक्ष्ण शिट्टी ऐकू आली, तर तुम्ही फार जवळ गेलेले आहात, मागे फिरावे. वर कळप असेल तर त्याच्या खाली थांबू नये, दगड सुटतात. याही कारणाने लांबूनच पाहावे, म्हणजे पुन्हा दुर्बीण.

बाकी किरकोळ: कुत्रा नेऊ नये, नकाशा मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा, परतीच्या शेवटच्या बसची वेळ विचारून ठेवावी, आणीबाणीचा क्रमांक ११२.