सभागृहातील प्रश्न कसा बांधावा आणि मंत्र्यांचे उत्तर कसे वाचावे

काही वर्षांपूर्वी मुंबईच्या पूर्व उपनगरातील एका झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील रहिवाशांसाठी (नवे घर मिळेपर्यंत त्यांचे भाडे विकासकाने द्यायचे होते) मी आमच्या भागातील आमदारांना तारांकित प्रश्नाचा मसुदा लिहून दिला होता. 'योजनेतील सर्व पात्र झोपडीधारकांचे भाडे विकासकाने थकविले आहे, हे खरे आहे काय,' असा त्याचा पहिला भाग होता. छापील उत्तर आले ते तीन शब्दांचे: 'हे खरे नाही.' पुढच्या तिन्ही भागांसमोर 'प्रश्न उद्भवत नाही' एवढेच लिहिलेले होते. भाडे थकले होते यात शंका नव्हती. पण दोन कुटुंबांना ते मिळालेले होते आणि त्यामुळे 'सर्व' हा शब्द चुकीचा ठरला होता. उत्तराचा मसुदा करणाऱ्याने असत्य काहीही लिहिले नव्हते. पळवाट मीच आयती ठेवली होती.

प्रश्न विचारण्याचा अधिकार सदस्याचा असतो, नागरिकाचा नाही; परंतु आमदार-खासदारांकडे जाणाऱ्या प्रश्नांचे मसुदे पुष्कळदा रहिवासी संघ, कामगार संघटना, पत्रकार आणि सदस्यांचे स्वीय सहायक यांच्याकडूनच तयार होऊन येतात. हे टिपण त्यांच्यासाठी आहे.

सर्वांत आधी प्रश्न कोणत्या सभागृहाचा आहे हे ठरवावे, कारण मुंबईत ही गल्लत फार होते. एकाच रस्त्यावर पदपथ महापालिकेचा, त्यापलीकडची इमारत म्हाडाची, तिच्यामागची जमीन मुंबई बंदर प्राधिकरणाची आणि त्यापुढची रेल्वेची असू शकते. महापालिकेच्या कामाविषयी विधानसभेत नगरविकास विभागाला विचारता येते. म्हाडा व झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण यांसाठी गृहनिर्माण विभागाला विचारावे लागते. परंतु लोकलचा फलाट, विमानतळ किंवा बंदराची जमीन यांविषयी विधान भवनात कितीही आवाज उठविला तरी त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी दिल्लीतल्या मंत्र्यांची आहे. शहरात विधानसभेचे ३६ आणि लोकसभेचे ६ मतदारसंघ आहेत. यांपैकी कोणाच्या दारात जायचे हे विषयाने ठरते, ओळखीने नव्हे.

त्यानंतर प्रश्नाचा प्रकार ठरवावा. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्नाचे आकर्षण सर्वांनाच असते, पण आकडे, तारखा आणि तालुकानिहाय तपशील हवा असेल तर अतारांकित प्रश्नच अधिक उपयोगी पडतो, असे माझे मत आहे. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात, आणि तासाभरात त्या २० पैकी मोजकेच पुकारले जातात. उरलेल्यांची उत्तरे लेखीच समजली जातात. शिवाय कोणाचा प्रश्न यादीत वर येईल हे तेथे सोडतीने ठरते. म्हाडाच्या सोडतीची सवय असलेल्या मुंबईकराला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

आता मसुदा. महाराष्ट्र विधानमंडळात प्रश्नाचा एक ठरलेला साचा आहे. 'सन्माननीय गृहनिर्माण मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी सुरुवात होते आणि त्याखाली क्रमांक दिलेले भाग येतात. नवख्या माणसाला हा साचा रुक्ष वाटतो, परंतु त्यातला एकेक शब्द अनुभवातून आलेला आहे. 'मार्च महिन्यात वा त्यादरम्यान निदर्शनास आले' यातील 'वा त्यादरम्यान' हे शब्द पाहा. तक्रार ३१ मार्चऐवजी २ एप्रिलला नोंदली गेली असेल, तर तेवढ्या फरकावर 'हे खरे नाही' असे उत्तर येऊ नये म्हणून ते घातलेले असतात. 'उक्त प्रकरणी', 'चौकशीत काय आढळून आले', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय' हे शब्दप्रयोगही असेच झिजून झिजून टोकदार झालेले आहेत.

साच्याचा दोष एकच आहे, आणि तो मोठा आहे. दुसरा भाग 'असल्यास' या शब्दाने पहिल्यावर टांगलेला असतो, तिसरा दुसऱ्यावर. पहिला भाग पडला की सगळी उतरंड कोसळते. यावर उपाय असा की किमान एक भाग स्वतःच्या पायावर उभा ठेवावा. आमचा प्रश्न पुढच्या अधिवेशनासाठी मी पुन्हा लिहिला तो असा:

(१) उक्त योजनेतील अनेक पात्र झोपडीधारकांना विकासकाकडून संक्रमण काळातील भाडे नियमितपणे मिळत नसल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय;

(२) उक्त योजनेत एकूण पात्र झोपडीधारक किती आहेत व त्यांपैकी किती जणांना आजपर्यंतचे पूर्ण भाडे मिळाले आहे;

(३) भाड्याबाबत प्राधिकरणाकडे किती लेखी तक्रारी प्राप्त झाल्या व विकासकास किती नोटिसा देण्यात आल्या;

(४) थकीत भाडे वसूल करण्यासाठी शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?

'सर्व' गेले, 'अनेक' आले. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत 'असल्यास' नाही, म्हणून पहिल्याचे उत्तर काहीही आले तरी त्यांची उत्तरे आकड्यांतच द्यावी लागतात. या वेळी पहिल्या भागाला 'हे अंशतः खरे आहे' असे उत्तर आले. त्या 'अंशतः' मध्ये नेमके काय दडले होते, ते दुसऱ्या भागातल्या संख्येने सांगितले.

प्रश्न स्वीकारायचा की नाही हा निर्णय पीठासीन अधिकाऱ्यांचा, म्हणजे सभागृहाच्या अध्यक्षांचा किंवा सभापतींचा, असतो आणि फेटाळण्याची कारणे नियमांत दिलेली आहेत. प्रश्नात युक्तिवाद, उपरोध किंवा दोषारोप असू नये. मंत्र्यांचे मत विचारू नये. काल्पनिक परिस्थिती मांडू नये. न्यायप्रविष्ट बाबीवर विचारू नये. लोकसभेत प्रश्नाला साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे आणि किमान १५ पूर्ण दिवस आधी सूचना द्यावी लागते. संतापाने लिहिलेला मसुदा बहुधा येथेच गळतो, म्हणून मी पहिल्या खर्ड्यातली सगळी विशेषणे दुसऱ्या दिवशी खोडतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ असताना सभागृहाच्या वाटेला का जावे, असे मला विचारले जाते. दोन्ही वाटा एकमेकींना पूरक आहेत. माहिती अधिकारात कागद मिळतो. सभागृहात त्या कागदाची जबाबदारी मंत्र्यांना स्वतःच्या नावाने घ्यावी लागते आणि जाणूनबुजून दिशाभूल केल्यास हक्कभंगाचा प्रश्न उभा राहतो. म्हणून आधी अर्ज करून कागद हातात घ्यावा आणि मगच प्रश्न लिहावा. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा एक भाग प्रत्येक प्रश्नात असू द्यावा. उरलेल्या उत्तरांवर किती विश्वास ठेवायचा, ते त्यावरून कळते.

उत्तर कसे तयार होते हेही समजून घ्यावे. विधानमंडळ सचिवालयाकडून प्रश्न मंत्रालयातील विभागात येतो, तेथून क्षेत्रीय कार्यालयात जातो, तेथील अहवाल परत येतो, कक्ष अधिकाऱ्यापासून सचिवापर्यंत मसुदा चढतो आणि मंत्र्यांच्या मान्यतेने छापला जातो. त्यासोबत संभाव्य उपप्रश्नांची टिपणी तयार होते, आणि मंत्री सभागृहात जी जाड फाईल उघडून बसतात ती हीच. तरीही अनपेक्षित उपप्रश्न आला तर अधिकाऱ्यांच्या कक्षातून चिठ्ठी येते. चिठ्ठी पोहोचेपर्यंतचे अर्धे मिनिट पाहण्यासारखे असते. उपप्रश्न छोटा असावा, एकच असावा आणि छापील उत्तरातल्याच एखाद्या शब्दाला धरून असावा. 'नोटीस दिली असे उत्तरात म्हटले आहे. ती कोणत्या तारखेस दिली?' एवढा पुरे. भाषण करणारे सदस्य मंत्र्यांना विचार करायला वेळच देत असतात.

पहिल्या उत्तरावर न थांबण्याचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईशी जोडलेले आहे. आयुर्विमा महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले, त्याविषयी लोकसभेत १९५७ मध्ये प्रश्न आले आणि खासदार फिरोज गांधी यांनी तो विषय सोडला नाही. त्यातून मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छगला यांचा एकसदस्यीय आयोग नेमला गेला, त्याची सुनावणी मुंबईत जाहीरपणे झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

परराष्ट्र धोरणाचे प्रश्न केवळ संसदेतच विचारता येतात, कारण तो विषय संघ सूचीतला, म्हणजे केवळ केंद्राच्या अखत्यारीतला, आहे. विधानसभेत तो उपस्थित करता येत नाही. तथापि विषयाचे दोन तुकडे करता येतात. पालघर जिल्ह्यातील अनेक जण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात आणि सागरी हद्द ओलांडल्याच्या कारणावरून पाकिस्तानच्या ताब्यात सापडतात. त्यांची सुटका हा परराष्ट्र मंत्रालयाचा विषय आहे, तर मागे राहिलेल्या कुटुंबाला मदत हा राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाचा. एकाच घरासाठी दोन सभागृहांत दोन प्रश्न द्यावे लागतात, आणि ते एकाच सुमारास दिलेले बरे.

अलीकडच्या अधिवेशनांत परराष्ट्र मंत्रालयाची उत्तरे देण्याची पाळी लोकसभेत शुक्रवारी आणि राज्यसभेत गुरुवारी येत आली आहे. सूचना देण्यापूर्वी त्या अधिवेशनातील वारांचे वाटप मात्र पाहून घ्यावे. राज्यसभेचा प्रश्नोत्तराचा तास २०१४ पासून दुपारी बारा वाजता असतो, लोकसभेचा सकाळी अकरा वाजता.

परराष्ट्र प्रश्नाचा मसुदा देशांतर्गत प्रश्नापेक्षा अधिक जपून करावा. मित्रराष्ट्राचा अनादर करणारा उल्लेख नियमांत बसत नाही, आणि चालू वाटाघाटींचा तपशील मंत्री सांगणार नाहीत, हे धरूनच चालावे. 'खलाशांच्या सुटकेसाठी सरकार काय करत आहे,' असे विचारले तर 'सरकार या विषयाला सर्वोच्च प्राधान्य देते व तो सातत्याने उपस्थित करण्यात येतो,' असे उत्तर येते, आणि त्यातून घरच्यांच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी मोजता येईल तेच विचारावे. वकिलातीच्या भेटीसंबंधीच्या (म्हणजे कैद्याला त्याच्या देशाच्या वकिलातीतील अधिकाऱ्यांनी भेटण्यासंबंधीच्या) २००८ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलै रोजी परस्परांच्या ताब्यातील कैदी व मच्छीमार यांच्या याद्या देतात. म्हणून 'शेवटच्या यादीत भारतीय मच्छीमार किती, त्यांपैकी महाराष्ट्रातील किती, किती जणांना वकिलातीची भेट मिळाली, किती जणांची शिक्षा पूर्ण झाली आहे आणि मागील तीन वर्षांत वर्षनिहाय किती परत आले,' असे विचारता येते. धोरणावर मौन पाळणाऱ्या मंत्र्यांनाही ही संख्या सांगावी लागते. लागोपाठच्या दोन अधिवेशनांतील संख्या शेजारी ठेवल्या की 'सर्वोच्च प्राधान्या'चा अर्थ वेगळा विचारावा लागत नाही.

उत्तर हाती आल्यावर ते उलट्या क्रमाने वाचावे, असा माझा प्रघात आहे. आधी शेवटचा भाग वाचावा, कारण कार्यवाही तेथे असते. मग क्रियापदे पाहावीत. 'करण्यात आली', 'करण्यात येत आहे' आणि 'करण्यात येईल' यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते. विचारलेल्या एखाद्या उपभागाचे उत्तर गाळून दोन-तीन भागांचे उत्तर एकत्र दिलेले असेल, तर जे गाळले आहे तेच पुढच्या प्रश्नाचा विषय समजावे.

'माहिती संकलित करण्यात येत आहे' किंवा 'बाब विचाराधीन आहे' असे शब्द आले की निराश होऊन कागद बाजूला ठेवण्याची घाई करू नये. संसदेत अशा शब्दप्रयोगांची गणना आश्वासनांत होते. लोकसभेची शासकीय आश्वासनांवरील समिती १९५३ पासून हे काम करीत आहे आणि आश्वासनपूर्तीसाठी तीन महिन्यांची मुदत धरली जाते. महाराष्ट्र विधानमंडळातही आश्वासन समिती आहे. उत्तराची तारीख, प्रश्न क्रमांक आणि ते नेमके शब्द वहीत उतरवून ठेवावेत आणि मुदत उलटल्यावर त्याच सदस्यांमार्फत समितीकडे पत्र द्यावे. भाड्याच्या त्या योजनेची वही माझ्याकडे अजून आहे. तिच्या चौथ्या पानावर 'विकासकाविरुद्ध कार्यवाही प्रस्तावित आहे' हे वाक्य लाल शाईने लिहिलेले आहे, आणि प्रस्ताव कोणी, कोणाकडे व कोणत्या तारखेस सादर केला, हा येत्या अधिवेशनासाठी दिलेल्या प्रश्नाचा पहिला भाग आहे.